ऐकत नाही

सोमवार

माझ्या हातात वही बघून ताई म्हणाली, "तब्येत बरी आहे ना रे तुझी?"

बरी आहे. आमच्या धुलाई कारखान्यात आज एक बाई शिकवायला आल्या होत्या. आम्ही हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे धुतो. तर बाईंचा विषय काय, एकमेकांशी बोलायचं कसं! मी तर बोलण्यासाठीच शाळेत वर्षानुवर्षं बाकावर उभा होतो. मला कोण शिकवणार?

पण बाई गोड होत्या. म्हणाल्या, समोरचा बोलला की लगेच उत्तर देऊ नका. आधी म्हणा, "तुमचं म्हणणं मला असं समजलं की..." आणि त्याला काय हवंय याचे अंदाज बांधू नका, सरळ विचारा. आणि रोज थोडं लिहा, आज कुणाचं नीट ऐकलंत ते. लिहिलेलं कुणी बघणार नाही म्हणाल्या, म्हणून लिहितोय. बघणार असत्या तर पेनच सापडलं नसतं.

दुपारी लगेच फेसदादावर प्रयोग केला. तो धुवायचे मोठे ड्रम सांभाळतो, कोपरापर्यंत कायम फेस.

"साबण संपलाय, घेऊन ये," म्हणाला.

"दादा, तुमचं म्हणणं मला असं समजलं की साबण संपलाय."

"हो."

"आणि त्यामुळे तुम्हाला आतून फार एकटं वाटतंय."

"आता तुलाच ड्रममध्ये घालतो, मग दोघं मिळून एकटे राहू."

आज कुणाचं नीट ऐकलं? फेसदादाचं. साबण संपला होता.

बुधवार

मॅनेजरला आम्ही सूचनासाहेब म्हणतो. माणूस तोंडानं कमी आणि भिंतीवरून जास्त बोलतो. नळ बंद करा, दार ढकला, हळू चाला. सूचनांच्या फळ्यावरसुद्धा सूचना आहे, "येथे टेकू नये". समोर आले तर बघणार खिडकीकडे नाहीतर पंख्याकडे. गर्व किती असावा माणसाला! आमच्या तोंडाकडे बघितलं तर साहेबांची किंमत कमी होते.

त्यांचा आवाज मला हुबेहूब येतो. आज ढकलगाडीत टॉवेलांच्या खाली लपलो आणि हॉलच्या मधोमध ओरडलो, "कोण बसलंय रे तिथे?"

अहाहा. फेसदादानं चहाचा कप ड्रममध्ये टाकला, चहासकट. घडीवाल्या पोरी उठून उलट्या दिशांना पळाल्या आणि एकमेकींवर आपटल्या. साबणाचं पोतं उघडणारा तर नुसताच "नाही साहेब" म्हणाला, कुणी काही विचारलं नसताना.

एकच माणूस हललं नाही. तोफमावशी.

मावशी इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर असते. एका बाजूनं ओली चादर आत घातली की दुसऱ्या बाजूनं गरम, कडक बाहेर येते. ती झेलून घडी घालायची हे मावशीचं काम. कारखान्यात सगळ्यांत जुनी तीच. बोलते ती तोफ डागल्यासारखी, "काय रे" म्हणाली तरी समोरचा माफी मागून टाकतो. आणि तिचा एक हट्ट. तिच्याशी पाठीमागून बोलायचं नाही. "समोर येऊन बोल! मागून कुजबुजणारे मला खपत नाहीत!"

तर ही बाई एवढा गोंधळ चालू असताना आरामात अभ्रे रचत होती. मला फार लागलं मनाला. कलावंताचा अपमान आहे हा.

गुरुवार

बादलीचं झाकण मावशीच्या पाठीमागे फरशीवर आपटलं. मी स्वतः दचकलो. ती ढिम्म. काळीज आहे का इंजिन?

हिला दचकवल्याशिवाय मी नाव लावणार नाही.

सोमवार

नवी सूचना. चादरी झटकताना कापसाचा धुरळा उडतो म्हणून सगळ्यांनी सगळीकडे मास्क लावायचा. आता ड्रमच्या घरघरीत मास्कमधून बोलणं म्हणजे उशीत तोंड खुपसून बोलणं. मी फेसदादाला "गरम पाणी सोड" म्हटलं, त्यानं "परवा सोमवार" ऐकलं. अर्धा तास भांडलो की परवा बुधवार.

मंगळवार

मावशीचं काहीतरी बिनसलंय. फेसदादानं सांगितलं, दवाखान्याच्या चादरी वेगळ्या ठेवा, हिनं हॉटेलच्या गठ्ठ्यात घातल्या. कुणी म्हणालं रोलर थांबवा, ती चादर झेलत राहिली. परत सांगितलं तर तोफ डागली, "एकदा सांगितलेलं कळत नाही का?" आता हे तर आम्ही तिला म्हणायला हवं.

साहेब पंख्याला म्हणाले, "या बाई ऐकत नाहीत." पंखा काय बोलणार.

गुरुवार

उजवं कोपर सुजलंय, डाव्या हातानं लिहितोय.

ओल्या टॉवेलांनी भरलेली गाडी उतारावरून आणत होतो. मावशी वाटेत, पाठ माझ्याकडे. ओरडलो, "मावशी, बाजूला!" परत ओरडलो. घंटा वाजवली. फेसदादा ओरडला, पोरी किंचाळल्या. बाई जागची हलेना! शेवटी मी गाडी भिंतीवर घातली आणि टॉवेलांच्या ढिगाऱ्यात डोक्यावर उभा राहिलो, पाय वर.

गाडीचा धक्का फरशीला बसला तेव्हा ती वळली. मला आधी वाटलं, आता हसेल. तर तिचा चेहराच पांढरा पडला होता. धावत आली, मला ओढून काढलं, हातपाय चाचपले आणि ओरडली, "अरे मेल्या, घंटा तरी वाजवायची!"

मी वाजवली होती. अख्ख्या हॉलनं ऐकली होती.

साहेब आले, खिडकीकडे बघत म्हणाले, "आता पुरे. पुढच्या शनिवारी ठरवू. या ऐकत नसतील तर मोज्यांच्या खोलीत."

मोज्यांची खोली मागे आहे. हॉटेलांत, वसतिगृहांत राहिलेले सुटे मोजे तिथे येतात, त्यांच्या जोड्या लावायच्या. समोर भिंत, बोलायला मोजे. तिथे बसवलेलं माणूस परत हॉलमध्ये आलेलं मी पाहिलं नाही, थोड्या दिवसांत घरीच जातं.

मला वाईट वाटायचं कारण नव्हतं. कोपर माझं फुटलं होतं. तरी वाटलं.

शुक्रवार

आज जे झालं ते असं.

कुणाची खोडी काढायची तर आधी ते माणूस नीट बघावं लागतं. कधी वळतं, कशाला घाबरतं, कुठे बेसावध असतं. हा अभ्यास मी शाळेत केला असता तर आज साहेब असतो. तर चहाच्या सुट्टीत मी मावशीला बघत बसलो. पोरी बोलत होत्या, चहा प्यायला सगळ्यांचे मास्क खाली. मावशी जी बोलेल तिच्या तोंडाकडे बघायची. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. दोघी एकदम बोलल्या की तिची मान इकडून तिकडे. मग तिनं कप ठेवला आणि उगाचच हसली, सगळे हसले म्हणून. पण उशिरा हसली.

मी जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो आणि नुसते ओठ हलवले. आवाज काढलाच नाही. "मावशी, तुमच्या केसांत कापूस अडकलाय."

तिनं हात केसांकडे नेला.

मी तसाच उभा. माझं तोंड उघडं राहिलं असणार, कारण तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की मला कळलं. दंड धरून मला वाळत घातलेल्या चादरींच्या मागे नेलं.

"किती दिवस?" मी विचारलं. मास्क खाली करून, हळूहळू.

"हळू नको बोलू, मी काय वेडी आहे? नेहमीसारखं बोल, फक्त तोंड दाखव." मग म्हणाली, "बरीच वर्षं झाली, कान थोडे थोडे करत गेले. तोंडं दिसत होती तोवर चाललं. या फडक्यांनी घात केला."

मला म्हणायचं होतं की चला, साहेबांना सांगू. तोंडापर्यंत आलं होतं. मग ती शिकवणीबाई आठवली, अंदाज बांधू नका म्हणणारी. विचारलं, "मावशी, तुम्हाला काय हवंय?"

"मोजे नकोत," ती म्हणाली.

"आणखी?"

"रोलर हवा. माणसांत राहायचंय. कुणाला सांगायचं नाही. बहिरी म्हटलं की माणसं आधी ओरडतात, मग कंटाळतात, मग बोलायचंच सोडतात. घरी बघितलंय मी ते. आणि कीव नको. कीव केलीस तर कानाखाली देईन. तुझे कान चांगले आहेत, आवाज ऐकशील."

मी वचन दिलं. मग हसू आवरेना. म्हटलं, "मावशी, मी तुम्हाला दचकवायला बादलीचं झाकण आपटलं होतं."

"कधी?"

"तेच तर!"

ती इतकी हसली की चादर हलली.

शनिवार

ऐकत नाही. ऐकत नाही. किती वेळा म्हटलं आम्ही सगळ्यांनी. खरं म्हणजे तिला ऐकू येत नाही. दोनच शब्दांचा फरक आणि तेवढ्यावर माणूस मोज्यांच्या खोलीत.

सांगायचं नाही म्हणाली. पण सांगितलं नाही तर परत कुणीतरी गाडी घेऊन मागून येणार, आणि तो माझ्यासारखा भिंतीवर जाईलच असं नाही. डोकं भणभणलंय. कुणाला कळू न देता अख्ख्या हॉलला समोर येऊन बोलायला कसं लावायचं?

वा! "कुणाला कळू न देता अख्ख्या हॉलला." हे तर माझंच खातं!

सोमवार

खेळ सुरू केला. मास्कमधून कुणाचं काही कळत नाहीच, तर मी म्हटलं, बोलायचंच नाही. खुणा करायच्या. समोर जाऊन, दिसेल अशा. जो बोलेल तो सगळ्यांचे डबे धुणार.

टॉवेल म्हणजे काख पुसायची. चादर म्हणजे गालाखाली हात घेऊन झोपायचं. अभ्रा म्हणजे डोक्याला टोपी घातल्यासारखं. डाग म्हणजे नाक धरायचं. मूठ वर म्हणजे थांब. गाडी येतेय म्हणजे कंबर हलवत दोन्ही हातांनी ढकलायचं. ही खूण पोरींना एवढी आवडली की गाडी येत नसतानाही त्या करत होत्या. साहेब आले म्हणजे बोटानं भिंतीवर सूचना चिकटवायची, वरून एक थाप.

गाडी आता उतारावरून नाही, समोरच्या वाटेनं आणायची. उतारावर चाक कुरकुरतं असं मी सगळ्यांना सांगितलं. चाकाला हे माहीत नाही.

फेसदादा पहिल्या तासाला बोलला. सगळ्यांचे डबे त्यानं धुतले. ड्रममध्ये घालतो म्हणत होता, कसाबसा थांबवला.

बुधवार

मावशीची एकही चूक नाही. उलट सगळ्यांत भारी खुणा तिच्याच. तिनं फेसदादाची खूण शोधून काढली, दाढीला फेस लावून जांभई द्यायची. दादा सोडून सगळे लोळले. मग दादानं माझी खूण केली. माकड. मला वाटलं होतं काहीतरी नवीन करेल.

साहेब हॉलमध्ये आले, एवढी शांतता बघून चकित झाले. संध्याकाळी सूचना लागली, "कामाच्या वेळी शांतता पाळल्याबद्दल सर्वांचे अभिनंदन". त्यांच्या पाठीमागे आम्ही सगळे ते बघत काखा पुसत होतो.

घरी मात्र काय चाललंय कळत नाही. ताई परवापासून मला स्वतःहून चहा देते. आज भांडताना मध्येच थांबली आणि म्हणाली, "तू आजकाल भांडताना माझ्याकडे बघतोस." मग कुठे बघू? तिचं काहीतरी काम असणार माझ्याकडे.

शुक्रवार

उद्या शनिवार. मावशी आज कमी हसली. साहेबांनी तिला ऑफिसात बोलावलंय, आणि मलाही, गाडी मी आपटली म्हणून. खुणांचा खेळ हॉलमध्ये चालतो. ऑफिसात साहेब मास्क लावून खिडकीशी बोलणार, तिला काय कळणार?

सांगून टाकू का? एक वाक्य आहे. पण ते वाक्य माझं नाही, तिचं आहे.

शनिवार

हसून हसून ओळी वाकड्या येतायत.

ऑफिसात गेलो. साहेब आमच्याकडे पाठ करून, खिडकीतून बाहेर बघत सुरू झाले. मी त्यांच्या मागे, बाजूच्या भिंतीशी उभा होतो. मावशी समोर उभी, चेहरा दगडासारखा, आणि डोळे एकदम माझ्याकडे. असे डोळे मी तिचे कधी पाहिले नव्हते.

मग मी साहेबांचं बोलणं खुणांनी सांगायला लागलो. पण माझ्याकडे खुणा कसल्या? टॉवेल, चादर, डाग, गाडी!

"तुमच्या कामाबद्दल तक्रारी होत्या," साहेब म्हणाले. मी नाक धरलं.

"गाडीचा अपघात झाला." मी कंबर हलवली.

"तरी या आठवड्यात सुधारणा दिसली." आता सुधारणा कशी दाखवू? डाग, मग घासून घासून तो गेला, मग लख्ख. मावशीचा ओठ हलला.

"पण तुम्ही ऐकत नाही, ही मूळ अडचण आहे, त्यामुळे मोज्यांच्या खोलीत..." मोज्याला खूण नव्हती! मी एका पायावर उभा राहून दुसरा पाय वर धरला, बोटं हलवली, आणि तोल जाऊन फाइलींच्या कपाटावर गेलो.

मावशी फुटली. तोफच ती. काचा हादरल्या.

साहेब गर्रकन वळले, नजर मात्र पंख्याकडे. "हसताय काय? मी गंभीर बोलतोय!"

मावशीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "साहेब, आता वळलाच आहात तर ते फडकं खाली घ्या. मला ऐकू येत नाही."

साहेबांनी मास्क खाली ओढला. "तुम्ही ऐकत नाही हे तर मी केव्हाचा..."

"ऐकत नाही नव्हे हो! ऐकू येत नाही!"

साहेबांनी मास्क पुरता काढला. त्यांची हनुवटी मी पहिल्यांदाच समोरून बघितली. लहान मुलासारखी आहे.

"मग सांगितलं का नाही?" ते म्हणाले. टेबलाकडे बघत.

"टेबलाला ऐकू येतं का? माझ्याकडे बघून बोला."

त्यांनी मान वर केली. घाम फुटला होता. थांबत थांबत म्हणाले, "मला... समोर बघून... शब्द अडकतात. लहानपणापासून. लिहून बरं पडतं."

म्हणजे त्या सगळ्या सूचना! आणि मी वहीत त्याला गर्व म्हटलं होतं. विचार केला पाहिजे.

मावशी पुढे झाली. "अडकू देत की. मला काय ऐकू येतंय? ओठ दिसले म्हणजे झालं. सावकाश बोला. मला कुठे गाडी पकडायचीय."

साहेब हसले. मग बोलले, तिच्याकडे बघून, चांगला वेळ लागला. ती एकदाही घाई करेना. काय हवं ते त्यांनी तिला विचारलं. तिनं सांगितलं. मास्क फक्त झटकायच्या खोलीत, धुरळा तिथेच असतो. रोलरपाशी तोंडं उघडी. गाडी समोरूनच. आणि रोलर तिचा.

"आणि... हॉलमध्ये?" साहेब म्हणाले. "त्यांना... सांगायचं?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. हे लिहून ठेवतो, कारण ताई विश्वास ठेवणार नाही.

"मीच सांगते," ती म्हणाली.

सोमवार

मावशीनं रोलर बंद करून सगळ्यांना सांगितलं. तोफेच्या आवाजात, त्यामुळे शेजारच्या कारखान्यालाही कळलं.

पोरी रडायला लागल्या तर म्हणाली, "रडायचं तर तोंड इकडे करून रडा, नाहीतर मला कळणार कसं?" फेसदादा माझ्याकडे वळला, "म्हणजे तो खेळ, ते डबे, सगळं हिच्यासाठी? आणि मी धुतले!" मग त्यानं मला उचललं. मला वाटलं आता खरंच ड्रम. पण नुसतं उचलून परत ठेवलं, सगळा शर्ट फेसानं भरला.

खेळ बंद करायचा का विचारलं, तर सगळ्यांनी मूठ वर केली. म्हणजे थांब, म्हणजे नाही. आता हे व्याकरण मी घातलेलं नव्हतं.

साहेब चित्रांची सूचना करणार आहेत, सगळ्या खुणांची. चित्राला माणूस हवा म्हणून मला उभं केलं. दुपारभर काख पुसत उभा होतो. "माझी खूण... कोणती?" त्यांनी विचारलं. आता काय सांगू! भिंतीवर चिकटवून थाप मारली. त्यांनी दोनदा करून बघितली आणि म्हणाले, "थाप... जरा जोरात हवी."

गुरुवार

आज मावशीनं मला एक नवीन खूण शिकवली. दोन बोटं कपाळाला लावून मान तीनदा हलवायची. म्हणाली, ही "आभारी आहे" ची. मी सकाळपासून ती सगळ्यांना करत होतो. फेसदादाला, पोरींना, साहेबांना, मालाच्या गाडीच्या ड्रायव्हरला. सगळे अगदी प्रेमानं अंगठा दाखवायचे. किती चांगली माणसं, असं वाटत होतं.

संध्याकाळी साहेबांनी नवीन चित्र लावलं. मी, दोन बोटं कपाळाला. खाली लिहिलेलं, "माझ्या डोक्यात फक्त फेस आहे".

मला बनवलं! मला! अख्खा हॉल सामील, साहेबसुद्धा. आणि मावशी रोलरला धरून हसत होती, दम लागेपर्यंत.

मग हसता हसता जवळ आली. म्हणाली, आणि पहिल्यांदाच हळू म्हणाली, "एक सांग. माझं हसणं कसं आहे रे आता? मला बरेच दिवस ऐकू आलं नाही."

याला माझ्याकडे खूण नव्हती. सगळे बघत होते. मी घडीच्या टेबलावर चढलो. आधी ओले टॉवेल भरलेला ड्रम झालो, जागच्या जागी हललो. मग वेग घेतला, खांदे, पोट, गाल सगळं थरथरवलं. मग दार उघडून सगळे टॉवेल बाहेर, पाणी बाहेर, फेसदादा वाहून गेला, पोरी वाहून गेल्या, साहेब फळ्याला धरून लटकले. शेवटी मी टेबलावर आडवा, हातपाय वर.

मावशी बघत राहिली.

"इतकं वाईट?"

"याहून वाईट," मी म्हटलं.

आणि ती परत सुरू झाली.